बिनतारी पाणबुडी-प्रतिकृतींचा छंद आणि ठाणे-कल्याणचे पाणी : भवितव्याचा एक विचार

पाणबुडीची लहान परंतु चालती प्रतिकृती स्वतःच्या हाताने तयार करावयाची आणि काठावर उभे राहून बिनतारी यंत्राच्या साहाय्याने ती पाण्याखाली चालवावयाची, हा छंद युरोप-अमेरिकेत गेली काही दशके चांगला रुजलेला आहे. इंग्लंड व अमेरिका या देशांत अशा छांदिष्टांच्या स्वतंत्र संघटना आहेत. जर्मनी व तैवान येथील कारखान्यांनी त्यांच्यासाठी संच तयार केले आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात नौकांच्या प्रतिकृती बनविण्याचे शिक्षण मिळते आणि तेथे बिनतारी यंत्राने चालणाऱ्या नौकाही तयार होतात. परंतु पृष्ठभागावर तरंगणारी नौका आणि पृष्ठभागाखाली जाऊन परत येणारी पाणबुडी यांतील अंतर केवळ अधिक कौशल्याचे नाही. दोहोंमागील भौतिकीय प्रश्नच निराळे आहेत.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्यांपैकी पहिली २०१७ साली आणि सहावी, ‘वागशीर’, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. या घटनांमुळे पाणबुडीविषयीचे कुतूहल आपल्या विद्यार्थ्यांतही वाढलेले दिसते. हे कुतूहल वाचनापुरते न राहता हातांपर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरात त्यास कितपत वाव आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. या छंदाचे भवितव्य पैसा किंवा कारागिरी यांपेक्षा पाण्यावरच अधिक अवलंबून आहे, आणि तेही पाण्याच्या दोन गुणांवर : त्यातून बिनतारी लहरी किती जातात आणि त्यातून डोळ्यांस किती दिसते. हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. प्रतिकृती बुडते कशी

आर्किमिडीजचा सिद्धांत सर्वपरिचित आहे. पाच किलोग्रॅम पाणी बाजूस सारणारी प्रतिकृती नेमकी पाच किलोग्रॅम वजनाची झाली, की ती तरंगतही नाही आणि बुडतही नाही. पृष्ठभागावर असताना तिचा वरचा भाग पाण्याबाहेर राहावा म्हणून तिचे वजन काहीसे कमी ठेवतात आणि बुडताना तेवढे पाणी आतील टाकीत घेतात. हे पाणी घेण्याच्या रीती अनेक आहेत. विजेच्या मोटारीने दट्ट्या मागे ओढून पाणी घेणारी टाकी सर्वांत भरवशाची समजतात. औषधाच्या मोठ्या सिरिंजपासूनही ती तयार करता येते. काहीजण लहान पंप वापरतात, तर काहीजण दाबाखालील वायू सोडून पाणी बाहेर घालवितात. चौथा प्रकार टाकीविनाच चालतो. त्यात प्रतिकृती पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवलेली असते आणि वेगात असताना पुढील पंखांच्या कलाने ती खाली जाते. ती थांबली की आपोआप वर येते, म्हणून नवशिक्याने येथून आरंभ करणे इष्ट.

हा तोल किती नाजूक आहे याची कल्पना दोन उदाहरणांनी येईल. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यापेक्षा ३० अंशांचे पाणी सुमारे ०.१४ टक्का हलके असते. म्हणजे जानेवारीत सकाळी अचूक तोललेली पाच किलोग्रॅमची प्रतिकृती मे महिन्याच्या कोमट तलावात सात ग्रॅमने जड ठरेल आणि सावकाश तळाकडे जाऊ लागेल. उलट, गोड्या पाण्यासाठी तोललेली हीच प्रतिकृती समुद्राच्या पाण्यात बुडविण्यास सव्वाशे ग्रॅम शिसे अधिक लागेल. शिवाय खोली वाढली की दाब वाढतो, कवच किंचित आकसते, बाजूस सारलेले पाणी कमी होते आणि प्रतिकृती अधिकच खाली जाते. समतोल अशा रीतीने स्वभावतःच अस्थिर असल्यामुळे चालकाची आज्ञा तिच्यापर्यंत अखंड पोहोचणे आवश्यक असते. बिनतारी लहरींचा प्रश्न येथेच उद्‌भवतो.

२. पाण्यातून जाणारी आज्ञा

बिनतारी नियंत्रणाच्या शास्त्राचा आरंभच एका बोटीने झाला. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका कुंडातील लहान बोट तारेविना चालवून दाखविली. ती बोट मात्र पृष्ठभागावर होती. तिचा आकाशक, म्हणजेच अँटेना, हवेत होता. पाणबुडीचा आकाशक पाण्यात बुडतो.

हवेतून पाण्यात शिरताना विद्युत्‌चुंबकीय लहरींवर तीन परिणाम होतात. पहिला अपवर्तनाचा. या कंप्रतांना पाण्याचा अपवर्तनांक सुमारे नऊ असल्यामुळे काठावरून जवळजवळ आडवी येणारी लहरही पृष्ठभाग ओलांडताच उभ्या रेषेपासून सहा-सात अंशांच्या आत वळते आणि सरळ खाली जाते. म्हणून प्रतिकृती चालकापासून वीस मीटर दूर असली, तरी लहरीचा पाण्यातील प्रवास तिच्या खोलीइतकाच असतो. दुसरा परिणाम तरंगलांबीचा. २७ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या लहरीची हवेतील सुमारे अकरा मीटरांची तरंगलांबी पाण्यात सव्वा मीटरच्या आसपास येते. हे दोन्ही परिणाम छांदिष्टास अनुकूलच आहेत.

तिसरा परिणाम क्षीणतेचा आणि तोच निर्णायक आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे पाणी अल्पसे वाहक बनते आणि लहरीची ऊर्जा त्यात खर्च होते. याशिवाय पाण्याचे रेणू स्वतः द्विध्रुवी असतात. लहरीच्या विद्युत्‌क्षेत्राबरोबर ते दिशा बदलू पाहतात, परंतु कंप्रता वाढत गेली की त्यांस क्षेत्राबरोबर पूर्णपणे वळणे जमत नाही आणि लहरीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीचे कार्य याच तत्त्वावर चालते. तिची कंप्रता २.४५ गिगाहर्ट्‌झ असते.

आता आकडे पाहू. उदाहरणादाखल दर मीटरला ०.०३ सीमेन्स इतकी वाहकता असलेले गोडे पाणी घेतले, तर २७ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची क्षीणता दर मीटरला साडेपाच डेसिबेलच्या आसपास येते. दहा डेसिबेल म्हणजे शक्ती एक-दशांशावर येणे. दीड मीटर खोलीवर सुमारे एक-षष्ठांश शक्ती उरते, आणि साध्या ग्राहीस ती पुरते. त्याच पाण्यात ४३३ मेगाहर्ट्‌झला सुमारे १३, ८६६ मेगाहर्ट्‌झला सुमारे ३५ आणि २.४ गिगाहर्ट्‌झला दोनशेहून अधिक डेसिबेल दर मीटर अशी क्षीणता येते. याचा अर्थ असा, की २.४ गिगाहर्ट्‌झची आज्ञा अर्धा मीटर पाण्यातून जाताना शंभर डेसिबेलहून अधिक क्षीण होते, म्हणजे शक्तीचा हजार कोटींवा भागही उरत नाही. प्रत्यक्षात मनगट बुडेल एवढ्या खोलीवरच ती अविश्वसनीय होते.

खऱ्या पाणबुडीसमोरही हाच प्रश्न आहे, मात्र समुद्राच्या पाण्यामुळे तो अधिक बिकट आहे. म्हणूनच नौदले अत्यंत कमी कंप्रतेची केंद्रे उभारतात. तामिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यातील ‘कट्टबोम्मन’ हे भारतीय नौदलाचे केंद्र १९९० पासून हे कार्य करीत आहे आणि तेलंगणात दुसऱ्या अशा केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. सुमारे अठरा किलोहर्ट्‌झची लहर समुद्राच्या पाण्यात दर पावणेदोन मीटरला आपल्या क्षेत्रतीव्रतेच्या ३७ टक्क्यांवर येते. तरीही प्रचंड शक्तीच्या बळावर ती काही मीटर खोलीपर्यंत संदेश नेते. नौदलास शेकडो एकर भूमीवर आकाशक उभारता येतो. छांदिष्टाच्या हातातील पेटीस ते शक्य नाही. त्यास योग्य कंप्रता आणि योग्य पाणी यांवरच विसंबावे लागते.

३. बाजाराने बदललेली कंप्रता

या छंदापुढील पहिले संकट पाण्यातून आलेले नाही, ते बाजारातून आले आहे. पूर्वी सर्वच प्रकारच्या प्रतिकृती २७, ३५, ४०, ७२, ७५ मेगाहर्ट्‌झ अशा कंप्रतांवर चालत असत. प्रत्येक चालकाचा स्फटिक निराळा असावा लागे आणि दोघांचा स्फटिक एकच निघाला, तर एकाचे विमान कोसळे. २००५ नंतरच्या काही वर्षांत २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आले. त्यांत आकाशक आखूड, आपोआप मोकळा मार्ग शोधण्याची सोय आणि एकाच मैदानावर अनेकांस निर्वेधपणे खेळता येण्याची निश्चिती होती. विमाने, मोटारी आणि नौका चालविणाऱ्यांस हा बदल सर्वथा लाभदायक ठरला. उत्पादकांनी जुने संच बनविणे बहुतांशी सोडून दिले. पाणबुडीवाला संख्येने अत्यल्प असल्यामुळे त्याच्या गैरसोयीची नोंद कोणी घेतली नाही. जगभर तो जुने प्रेषक दुरुस्त करीत, वापरलेले संच शोधीत आपला छंद टिकवून आहे.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कंप्रतांचे वाटप प्रत्येक देशाचे स्वतंत्र असते. अमेरिकेत मोटारी-नौकांसाठी असलेला ७५ मेगाहर्ट्‌झचा किंवा युरोपातील ४० मेगाहर्ट्‌झचा जुना संच परदेशातील आप्ताने आणून दिला, म्हणून तो येथे वापरण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा नागरी पट्टा मात्र अल्प शक्तीच्या उपकरणांस परवान्याविना खुला आहे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही तसाच खुला असून, अतिशय मंद संकेत ओळखू शकणारे आधुनिक ग्राही त्यावर मिळतात. त्यांच्या साहाय्याने अर्धा-पाऊण मीटर खोली साधणे शक्य आहे. ४३३ मेगाहर्ट्‌झ हा पाण्याच्या दृष्टीने अधिक चांगला मध्यम मार्ग होय, परंतु त्यावरील शक्तीची मर्यादा व अन्य अटी पाहूनच तो वापरावा. एक साधी युक्तीही प्रचारात आहे : २.४ गिगाहर्ट्‌झचा आकाशक लहान तरंगत्या बोंडावर ठेवून तो बारीक केबलने प्रतिकृतीस जोडतात. युक्ती उपयुक्त आहे. मात्र शेवाळ व पाणवनस्पती असलेल्या तलावात ही केबल प्रथम अडकते.

अशा रीतीने कंप्रतेचा प्रश्न गैरसोयीचा असला तरी असाध्य नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत २७ मेगाहर्ट्‌झचा प्रेषक व ग्राही जोडणे पदव्युत्तर विद्यार्थ्यास अवघड जाऊ नये.

४. खाडी, तलाव आणि तरणतलाव

कल्याणकराच्या मनात प्रथम खाडीच यावी हे स्वाभाविक आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली जहाजे याच परिसरातील खाड्यांत बांधविली आणि दुर्गाडी किल्ला आजही त्या काठी उभा आहे. परंतु बिनतारी पाणबुडीस खाडी वर्ज्य आहे. समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात २७ मेगाहर्ट्‌झची क्षीणताही दर मीटरला दोनशे डेसिबेलच्या घरात जाते. म्हणजे गोड्या पाण्यात २.४ गिगाहर्ट्‌झची जी गत होते, तीच खाऱ्या पाण्यात २७ मेगाहर्ट्‌झची. पावसाळ्यात उल्हास नदीच्या पुराने खाडी बरीच गोडी होते हे खरे, पण तेव्हा गढूळपणा आणि ओढ इतकी असते की काहीही दिसत नाही. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य असून २०२२ साली त्याची नोंद रामसर स्थळांच्या यादीत झाली आहे. तेथे कोणतेही यंत्र सोडणे अनुचितच होय.

राहिले तलाव. ठाण्यास तलावांचे शहर म्हणतात. कोपिनेश्वर मंदिरासमोरील मासुंदा, येऊरच्या पायथ्याचे उपवन, भरवस्तीतील कचराळी आणि कल्याणचा काळा तलाव ही स्थिर व गोड्या पाण्याची स्थळे आहेत. लहरींच्या दृष्टीने ती अनुकूल ठरावीत. परंतु प्रत्यक्षात दोन अडचणी संभवतात आणि दोन्हींचे मूळ एकच आहे.

पहिली अडचण दृश्यमानतेची. पाणबुडी चालविणाऱ्यास ती दिसली नाही, तर तिची दिशा कळत नाही. सांडपाण्यातून नत्र व स्फुरद मिळाले, की तलावात सूक्ष्म शैवाले माजतात, पाणी हिरवे होते आणि हातभर खोलीवरील वस्तूही दिसेनाशी होते. जलपर्णी माजली तर तिची मुळे प्रतिकृतीच्या पंख्यात गुंततात. दुसरी अडचण क्षारांची. गणेशमूर्तींसाठी वापरले जाणारे प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पाण्यात त्याचे जिप्सम बनते आणि ते दर लिटरला सुमारे अडीच ग्रॅमपर्यंत विरघळू शकते. त्याने पाण्याचा कठीणपणा वाढतो तशी वाहकताही वाढते. वर घेतलेल्या उदाहरणातील वाहकता ०.०३ वरून ०.१ वर गेली, तर २७ मेगाहर्ट्‌झची क्षीणता साडेपाचवरून सुमारे सतरा डेसिबेलवर जाते. दीड मीटरवर जेथे एक-षष्ठांश शक्ती उरत होती, तेथे तीनशेव्या भागाच्या आसपास उरते. घरगुती सांडपाण्यातील क्षारांचा परिणामही याच दिशेने होतो.

ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम तलावांची व्यवस्था करण्यात आली, तिचा हेतू मुख्यतः तलावांतील जीवसृष्टीचे रक्षण हा होता. त्या व्यवस्थेने पाण्यातील बिनतारी लहरींचा मार्गही मोकळा राहण्यास साहाय्य होते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पाणी जितके निरोगी, तितकी पाणबुडी खोल जाते, असा हा सरळ संबंध आहे.

डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुलातील तरणतलावासारखे बांधीव जलाशय हा तिसरा पर्याय होय. तेथील पाणी स्वच्छ व शेवाळविरहित असते आणि तळ स्पष्ट दिसतो. जंतुनाशकांमुळे वाहकता काहीशी वाढलेली असते, परंतु एक-दीड मीटर खोलीपुरती २७ मेगाहर्ट्‌झची लहर तेथे सामान्यतः पुरावी. पोहणाऱ्यांची वेळ सोडून आठवड्यातून एखादा तास मिळाला, तरी शिकाऊ मंडळींची मोठी सोय होईल. सार्वजनिक तलावात नगरपालिकेची अनुमती, शिसे व विद्युत्‌घट पाण्यात सुटे न पडतील अशी बांधणी आणि संकेत तुटताच टाकीतील पाणी आपोआप बाहेर टाकून प्रतिकृती वर आणणारी योजना, एवढी पथ्ये अपरिहार्य समजावीत.

५. स्वयंचलनाचा मार्ग

लहर पोहोचत नसेल, तर आज्ञा आधीच देऊन ठेवावी, हा विचार आता पुढे येत आहे. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेल्याने दाब सुमारे एक मिलिबार वाढतो. हा फरक सहज ओळखणारे दाबमापक व लहान संगणक-चकत्या आज विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत. त्यांच्या योगे प्रतिकृती दिलेल्या खोलीवर स्वतःच स्थिर राहते आणि पहिल्या विभागात सांगितलेली अस्थिरता बरीचशी नाहीशी होते. दिशेसाठी होकायंत्र व घूर्णमापक असतात. उपग्रहाचे दिशादर्शन मात्र पाण्याखाली मिळत नाही, कारण त्याचीही लहर दीड गिगाहर्ट्‌झच्या वरची आहे.

या मार्गाची भक्कम उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ नावाची स्वयंचलित जलयाने तयार करून अमेरिकेतील रोबोसब या स्पर्धेत वेळोवेळी भाग घेतला आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे लहान स्वयंचलित जलयान संशोधनासाठी विकसित केले. ही याने खेळणी नव्हेत. परंतु तोल, जलाभेद्यता आणि दाब यांचे जे प्रश्न छांदिष्टास सोडवावे लागतात, तेच त्यांनाही सोडवावे लागले आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. काठावरून हाताने चालविण्यातला आनंदच निघून गेला, तर त्यास छंद का म्हणावे? आक्षेप वाजवी आहे. आमच्या मते हे दोन मार्ग परस्परविरोधी नाहीत. खोली सांभाळण्याचे काम यंत्राकडे आणि दिशा ठरविण्याचे काम चालकाकडे अशी वाटणी पुढील काळात रूढ होईल. केवळ बिनतारी यंत्रावर सर्वस्वी अवलंबून असलेली प्रतिकृती क्रमशः मागे पडेल. पण यंत्र कितीही स्वयंचलित झाले, तरी पाण्यातून ती पाहणाऱ्या डोळ्यांची जागा ते घेऊ शकणार नाही.

६. समारोप

या विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. एक, कंप्रतेचे संकट तांत्रिक असून त्यावर उपाय आहेत. दोन, पाण्याचे संकट तांत्रिक नाही आणि त्यावर छांदिष्टाजवळ एकट्याने योजावयाचा उपाय नाही. ठाणे-कल्याणचे तलाव निवळ राहिले, त्यांच्या काठी उभे राहण्यास जागा राहिली, तरच हा छंद येथे मूळ धरील.

या दृष्टीने विद्यापीठीय विभागांस एक लहानसे काम सुचवावेसे वाटते. मासुंदा, उपवन व काळा तलाव यांतील पाण्याची वाहकता, तापमान आणि पांढऱ्या तबकडीने मोजलेली दृश्यमानता यांची दरमहा नोंद विद्यार्थ्यांनी वर्षभर ठेवावी. त्याच वेळी २७ मेगाहर्ट्‌झचा एक ग्राही दोरीने पाण्यात सोडून संकेत कोणत्या खोलीवर तुटतो, तेही नोंदवावे. उपकरणे साधी आहेत, खर्च अल्प आहे. पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या, विसर्जनापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणजे तलावाची प्रकृती कोणत्या बाजूस झुकत आहे, ते आकड्यांत दिसेल. ज्या खोलीवर संकेत तुटतो ती खोली वर्षानुवर्षे वाढत गेली, तर छांदिष्टाबरोबर नगरवासीयांनीही समाधान मानावे. ती कमी होत गेली, तर पाणबुडी बाजूस ठेवून प्रथम तलावाकडे पाहावे.